टाच टेकेना

मुदतीच्या तापातून मी उठले तेव्हा सगळे म्हणाले, वाचलीस. मलाही तसंच वाटलं. सात आठवडे खाटेवर काढले होते. डोक्यावरचे केस मूठमूठ गळले होते, हात वर करून वेणीसुद्धा घालवत नव्हती, पण ताप गेला होता. आजारपण संपलं असं धरून आईनं गणपतीला नारळ फोडला.

खरं आजारपण त्यानंतर सुरू झालं, आणि ते जिथं सुरू झालं तिथं घरात कुणाचंच लक्ष नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांच्या घरी कुणी तापानं अंथरुणाला खिळलं असेल त्यांनी आधी उठून रोग्याच्या पायावरचं पांघरूण उचलून बघावं, मग पुढचं वाचावं.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. लग्न झालं नव्हतं, आणि ते होईल अशी आशा घरच्यांनी सोडत आणली होती. पुण्याला सुईणपणाचं शिक्षण घेऊन मी कडेगावच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले होते. लढाईचे दिवस होते. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे तरणे पुरुष पलटणीत गेलेले, मागं बायका आणि म्हातारी माणसं. कुणी बोलवायला आलं की पिशवी उचलायची आणि चालत सुटायचं. बाळंतपणं घरात, खाली जमिनीवर घोंगडं अंथरून व्हायची. बाई निजलेली, आणि मी तिच्या पायांशी उकिडवी बसलेली, कधी तास, कधी चार तास. असं बसता येणं ही काही मोठी गोष्ट आहे, असं तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं.

*

मार्गशीर्षात अंग मोडून आलं. तिसऱ्या दिवशी मला शुद्ध राहिली नाही. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मला मोटारीत घालून वाईला, आमच्या घरी, घेऊन आला. त्या वाटेचं मला काहीही आठवत नाही.

त्या वेळी या तापाला, म्हणजे टायफॉइडला, औषध नव्हतं. रोग्यानं हालायचं नाही, जड काही खायचं नाही आणि मुदत संपायची वाट बघायची, एवढाच उपाय. बार्लीचं पाणी, ताकाची निवळ, मोसंबीचा रस. कूस बदलायची तीसुद्धा दुसऱ्यानं बदलायची. आईनं हे सगळं अक्षरशः पाळलं. त्या वर्षी वाईत थंडीही फार होती. नदीवरून येणारं वारं दाराच्या फटीतून आत शिरायचं. आईनं माझ्यावर दोन गोधड्या घातल्या, वर घोंगडं घातलं, आणि पायांशी ते सगळं गादीखाली घट्ट खोचून टाकलं. खाट भिंतीला लागून होती. भिंतीकडची, माझ्या डाव्या अंगाची बाजू तर अशी खोचलेली असायची की पाय हलवायची सोयच नव्हती. गुडघ्यांखाली उशी. "पाय जरासुद्धा उघडा पडू द्यायचा नाही," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ते शब्द मला ग्लानीतही ऐकू यायचे आणि फार बरं वाटायचं.

ताप उतरला, चार दिवसांनी पुन्हा चढला, आणि तीन आठवडे राहिला. दुसऱ्यांदा उतरला तो कायमचा.

*

डॉक्टरांनी उभं राहायला परवानगी दिली तो दिवस. आईनं एका बाजूनं धरलं, दादानं दुसऱ्या बाजूनं. मी खाटेवरून पाय खाली सोडले आणि उठले.

उजवी टाच जमिनीला जेमतेम टेकली. डावी टेकली नाही.

मला आधी वाटलं, फरशी उंचसखल आहे. मी बाजूला सरकले. तिथंही तेच. डाव्या पायाची बोटं आणि चवडा जमिनीवर, टाच वर अधांतरी. चार बोटं सहज आत शिरतील एवढी फट. मी टाच खाली दाबली तर गुडघाच मागं वाकला आणि मी आईच्या अंगावर कोसळले.

"अशक्तपणा आहे," आई म्हणाली. "सात आठवडे अन्न नाही पोटात."

"अशक्तपणाच," दादा म्हणाला.

मी नर्स होते. मीही म्हणाले, अशक्तपणाच.

*

त्या अशक्तपणाला आम्ही दीड महिना तूप, खारका आणि दूध खाऊ घातलं. माझ्या गालांवर मांस आलं. केस उगवू लागले. उजवा पाय आपोआप मोकळा झाला. डावी टाच मात्र होती तिथंच राहिली.

मी काय काय करू शकत नव्हते ते एकेक करून कळत गेलं, आणि दर वेळी नव्यानं धक्का बसायचा. संडासात बसायला गेले आणि मागं भिंतीवर आपटले. उकिडवं बसताना टाच टेकली नाही की माणूस मागंच पडतं, हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं. त्यानंतर कितीतरी दिवस आई माझे दोन्ही हात धरून समोर तोंड फिरवून उभी राहायची. मी, जिनं परक्या बायकांची सगळी लाज आपल्या हातांनी झाकली होती, ती त्या चार फुटांच्या खोलीत रडायची आणि आई म्हणायची, "अगं, लहान असताना धरतच होते की."

चुलीपाशी बसता येईना. जात्यापाशी येईना. धुणं बसून धुता येईना. चढावर चालले की डाव्या पायाची पोटरी ओढून धरायची, जणू कुणी मागून दोरीनं खेचतंय. सपाटीवर चालले की गुडघा मागं जायचा. पंधरा दिवसांत गुडघा सुजला. मग कमरेत कळ येऊ लागली. गणपतीपुढच्या घाटावर एकदा हौसेनं पाय धुवायला उतरले, तर तिसऱ्याच पायरीवर तोल गेला आणि कोपर फुटलं. पायऱ्या उतरताना मागच्या पायाचा घोटा वाकावा लागतो. इतकी वर्षं मी त्या पायऱ्या उड्या मारत उतरले होते.

दुखत होतं गुडघ्यात आणि कमरेत. म्हणून आम्ही तेल लावत होतो गुडघ्याला आणि कमरेला.

फाल्गुनात कडेगावहून पत्र आलं. जागा पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवतो, तोवर हजर झाला नाहीत तर दुसऱ्या बाईंना नेमावं लागेल. पत्र सभ्य होतं. मी ते वाचलं आणि तोल सांभाळायला भिंत धरली.

*

माझे मामा सांगलीजवळ माधवनगरला गिरणीत होते. त्यांनी कळवलं की सांगलीच्या बाजूला एका मोठ्या दवाखान्यात हाडांचे डॉक्टर आहेत, इंदूला घेऊन या. वाईहून साताऱ्याला मोटार, पुढं रेल्वे. आई आणि मी गेलो.

डॉक्टर वयस्क होते, कमी बोलणारे. त्यांनी मला मेजावर निजवलं आणि म्हणाले, "पायाची बोटं नाकाकडे आणा."

उजवी आली. डावीला मी हुकूम सोडला. पुन्हा सोडला. मांडीपर्यंत सगळा पाय थरथरला, कपाळाला घाम आला, आणि पाऊल तसंच खाली झुकलेलं राहिलं. डॉक्टरांनी आपल्या हातानं ते वर दाबून पाहिलं. लाकूड दाबावं तसं. मला तोवर वाटत होतं की मी नीट प्रयत्न करत नाही. आता डॉक्टरांचं बळही चाललं नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"तापात पायांवर पांघरूण काय होतं?" त्यांनी विचारलं.

आई पुढं झाली. अभिमानानं म्हणाली, "दोन गोधड्या आणि वर घोंगडं. गादीखाली खोचून. सात आठवडे पाय उघडा पडू दिला नाही मी."

डॉक्टरांनी माझं पाऊल हळूच मेजावर ठेवलं. त्यांच्या मागं प्लास्टर घालणारे ड्रेसर उभे होते. सखाराम त्यांचं नाव, कडेगावच्याच अंगाचे, पलटणीच्या इस्पितळात नोकरी करून परत आलेले. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आवं मावशी, मग तितंच बिघडलं की!"

"काय बिघडलं?" आईनं विचारलं.

"पांगरुणाचा भार बोटांवर. पाऊल खाली दाबलेलं. गुडघ्याखाली उशी, म्हंजी पोटरीबी सैल. सात आठवडं तसंच ऱ्हायलं की पोटरीचा दोर आकडतो, आन् मग सरळ हुयाला मागत न्हाई. आमच्या इस्पितळात लय बगितलंय. जखम मांडीला, आन् लंगडा हुतोय घोट्यानं."

"सखाराम," डॉक्टर म्हणाले. पण बोलून झालं होतं.

आईनं माझ्या पायाकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. तिचा चेहरा इतका पांढरा पडला की मी मेजावरून उठू लागले. तिनं पदर नीट केला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली.

माझी स्थिती काही वेगळी नव्हती. तिला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं. कडेगावला मी किती घरांत सांगितलं होतं, पायावर चांगलं जाड घाला, खोचून घाला, गारठा लागू देऊ नका. त्यातले किती जण उठल्यावर लंगडले असतील? त्यांनीही अशक्तपणाच म्हटलं असेल. मी त्यांची नावं एकेक करून आठवू लागले.

*

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. टाचेमागचा दोर कापून लांब करायचा, किंवा आठवड्याला एक असं सहा वेळा प्लास्टर घालून पाऊल थोडं थोडं वर आणायचं. कापलं तर लवकर होईल, पण पाय पुढं रेटायची ताकद कमी पडण्याची भीती. मी प्लास्टर पत्करलं आणि मला दाखल करून घेतलं.

आई तो सगळा दिवस व्हरांड्यात होती. मामांनी आणलेला डबा तिनं उघडला नाही. संध्याकाळी सखारामदादा कामावरून सुटून निघाले तेव्हा ती उठून त्यांच्या वाटेत उभी राहिली. मी खिडकीतून पाहत होते.

"माझ्या हातांनी झालं," ती म्हणाली. "माझ्या हातांनी निघेल का?"

सखारामदादा चपला काढून परत व्हरांड्यात आले. "निगल," म्हणाले. "पर लय दिस लागत्याल. आन् पोरगी वरडंल, तवा तुमी हात सोडायचा न्हाई. जमंल?"

आईनं मान हलवली. डबा तिनं त्यानंतर उघडला.

*

दवाखान्यात मी आधी कधी निजले नव्हते. मी नेहमी उभ्या माणसांतली. निजलेल्या माणसाच्या डोक्यावरून सगळे बोलतात, हे मला तेव्हा कळलं. "चार नंबरचा पाय" म्हणजे मी. पहाटे ताप बघायला यायचे, मग अंग पुसणं, मग जस्ताच्या कपात चहा. चैत्राचं ऊन तापलं की प्लास्टरच्या आत अशी खाज सुटायची की मी उशीचा कोपरा चावत असे. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मला विणकामाची सुई दिली, प्लास्टरमध्ये घालून खाजवायला. मला माहीत होतं, हे करू नये. मी केलं.

प्लास्टर बदलायचा दिवस शनिवार. सखारामदादा जुनं कापून काढायचे, पाय धुवायचे, आणि मग नवं ओलं असताना माझं पाऊल आपल्या छातीला टेकवून अंगाचा भार पुढं टाकायचे. मी ओरडायची. ते म्हणायचे, "वरडा, वरडा. वरडायला मनाई न्हाई." आणि रेटा तसाच ठेवायचे.

एकदा मी चिडून म्हणाले, "दुखतंय गुडघा, दुखतंय कंबर, आणि तुम्ही बसलाय घोटा धरून."

ते उठले. खोलीच्या मधोमध उभे राहून त्यांनी एक पाय पुढं टाकला. "बगा. पाऊल हितं रोवलं. आता ही नडगी पावलाच्या पुढं गेली पायजे, तवा मागचा पाय पुढं येतोय. घोटा वाकला न्हाई तर नडगी जागच्या जागी हुबी. मग गुडघा मागं पळतुय. गुडघा पळाला की कंबर वर उचलावी लागती. कंबर उचलली की पाठ धरती. सगळ्यांला तरास, आन् चोर खाली गप बसलाय."

त्यांनी तसं चालून दाखवलं, घोटा ताठ ठेवून. ती माझीच चाल होती, हुबेहूब. वॉर्डातल्या बायका हसल्या. मला हसू आलं नाही. गेले तीन महिने मी लोकांना अशी दिसत होते, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

चौथं प्लास्टर काढलं तेव्हा टाचेला जखम झालेली निघाली, रुपयाएवढी. ती भरेपर्यंत बारा दिवस प्लास्टर नाही. त्या बारा दिवसांत पाऊल पुन्हा खाली उतरलं. मी भिंतीकडे तोंड करून निजले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही. आईशीसुद्धा. तिच्या हातचं काही नको वाटत होतं. मनात एकदा आलं, हिनंच केलं. आलं ते आलं, आता ते लपवत नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्या केसांना तेल लावायला बसली आणि काही न विचारता लावत राहिली.

*

सहा प्लास्टरं झाली. डॉक्टरांनी पाऊल हातात घेतलं, नडगीशी काटकोनात आणलं आणि पहिल्यांदा हसले. "झालं काम. चाला पाहू."

मी चालले. टाच टेकली. गुडघा मागं गेला नाही. आई पदरानं डोळे पुसू लागली.

"आता बसून दाखवते," मी म्हणाले, आणि खाटेचा कठडा धरून उकिडवी बसायला गेले. अर्ध्यावर पोटरी ताठ झाली, टाच उचलली गेली आणि मी मागं आपटले.

डॉक्टर म्हणाले, "ते नाही जमायचं. काटकोन पुरेसा असतो. चालता आलं की झालं."

"मी बाळंतपणं करते, डॉक्टर. खाली जमिनीवर. उकिडवं बसल्यावाचून माझं काम होत नाही."

ते खुर्चीवर बसणारे, बूट घालणारे, उंच मेजापाशी उभं राहून काम करणारे होते. हा प्रश्न त्यांना तोवर कुणी विचारलाच नव्हता, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. ते म्हणाले, "त्याचं मी काही सांगू शकत नाही. प्लास्टरचं काम इथं संपतं."

दवाखान्याच्या लेखी मी बरी झाले होते. आयुष्यात इतकी सुन्न मी कधी झाले नव्हते, पहिल्यांदा टाच टेकली नाही तेव्हासुद्धा नाही.

सखारामदादा दारापर्यंत आले. आईला म्हणाले, "मावशी, आता तुमची ड्यूटी."

*

वाईला परतलो त्याच दिवशी दादानं माझ्यापुढं एक कागद ठेवला. राजीनामा. त्याच्या सुरेख अक्षरात, माझ्या नावानं. "सही तेवढी कर," तो म्हणाला. "तुला चालता येतंय, देवाची कृपा. आता आणखी काय पाहिजे? घरात राहा. आपल्या इथं तुला काही कमी आहे का?"

दादा वाईट माणूस नव्हता. मी बेशुद्ध असताना त्यानंच मला उचलून आणलं होतं. त्याच्या मनात कदाचित मी मेलेच होते, आणि परत मिळालेली बहीण त्याला रानोमाळ धाडायची नव्हती. पण त्यानं मला न विचारता माझ्या तोंडी घातलेलं "प्रकृती कायमची अधू झाल्याकारणाने" हे वाक्य मी वाचलं आणि कागद बाजूला सारला.

"कायमची म्हणून तुला कुणी सांगितलं?" आईनं विचारलं.

"डॉक्टरांनीच ना?"

"डॉक्टर म्हणाले, त्यांना सांगता येत नाही. तो कागद पावसाळा सरेपर्यंत तुझ्याजवळ ठेव. मग बघू."

आई दादाशी असं कधी बोलत नसे. तो कागदाची घडी घालून उठून गेला, आणि चार दिवस आमच्याशी मोजकंच बोलला.

*

दुसऱ्या दिवसापासून आईचं काम सुरू झालं. सकाळी अंघोळीनंतर ऊन पाण्यानं पोटरी शेकायची. मग मला चटईवर निजवून ती टाच आपल्या तळहातात घ्यायची, माझं पाऊल आपल्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताला टेकवायची, आणि अंग हळूहळू पुढं टाकायची. झटका नाही. एकदा टाकलेला भार शंभर अंक मोजेपर्यंत काढायचा नाही. ती मोठ्यानं मोजायची. साठाच्या पुढं मी ओरडायची. ती मोजतच राहायची.

"आई, सोड."

"एकाहत्तर. बहात्तर."

"अगं, फाटेल ते!"

"त्र्याहत्तर."

शेजारच्या काकू एकदा धावत आल्या, घरात काय चाललंय म्हणून. आईनं मान न वळवता सांगितलं, "पोरीचा पाय करतेय," आणि अंक चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजले.

दुपारी मी भिंतीसमोर उभी राहायची. टाच जमिनीला चिकटवून गुडघा भिंतीला टेकवायचा. टेकला की पाऊल गव्हाच्या दाण्याएवढं मागं घ्यायचं आणि पुन्हा टेकवायचा. मग घाटाच्या पायऱ्या, एकेक, आईचा हात धरून. आठवडेच्या आठवडे काही फरक दिसायचा नाही. आषाढात मी दादाकडे तो कागद मागितला होता. आईला हे माहीत नाही. दादा म्हणाला, "पावसाळा अजून आहे." तो असं का म्हणाला कोण जाणे, पण म्हणाला.

श्रावणातल्या एका सोमवारी मी स्वयंपाकघरात उभी होते. फळीवरून वाटी निसटली, घरंगळत चुलीमागं गेली. मी खाली बसून हात लांबवला आणि ती काढली. आई भाजी चिरत होती. तिची विळी थांबली.

"इंदू," ती म्हणाली. "खाली बघ."

मी खाली पाहिलं. दोन्ही टाचा जमिनीवर होत्या. मी कशालाही धरलेलं नव्हतं. मला इतकी भीती वाटली की मी हललेच नाही. हलले तर जाईल असं वाटलं. आई विळीवरून उठली आणि माझ्यासमोर तशीच उकिडवी बसली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो, भात करपला तरी.

*

इथं थोडं कामाचं सांगते. रोगी फार दिवस पडून असेल तर पांघरुणाचा भार पावलांवर येऊ देऊ नये. पायांशी एक खोकं किंवा दोन पाट उभे करावेत आणि पांघरूण त्यांच्यावरून सोडावं. तळपाय कशाला तरी टेकलेले राहतील असं बघावं. डॉक्टर हो म्हणत असतील तर रोज दोन-चार वेळा घरच्या कुणी पाऊल हळूच वर-खाली करावं. उठल्यावर टाच टेकत नसेल तर अशक्तपणा म्हणून दिवस घालवू नयेत. माझी डावी टाच आज टेकते, पण फार वेळ बसले की अजूनही पोटरी भरून येते. पूर्ण पहिल्यासारखं झालं असं कुणी सांगितलं तर खोटं आहे. आणि ज्या घरात हे झालं असेल तिथं, कुणी खोचलं, कुणी सांगितलं, याचा हिशेब करत बसू नये. तो वेळ पायाला द्यावा.

*

भाद्रपद संपता संपता मी कडेगावला हजर झाले. आठव्या दिवशी सकाळी एक म्हातारी चालत आली. सून अडली होती, मुलगा लढाईवर. वस्ती ओढ्यापलीकडे, चढावर. मी पिशवी घेतली आणि निघाले. चढावर डावी पोटरी दुखली, पण खेचली नाही.

पोरगी एकोणीस-वीस वर्षांची असेल, पहिलटकरीण. मी तिच्या पायांशी बसले आणि दुपारपर्यंत बसून राहिले. दोनदा पायाला मुंग्या आल्या, दोनदा उठून चालले, पुन्हा बसले. दुपारी मुलगा झाला. रडला, लाल झाला, सगळं ठीक.

नाळ बांधून झाल्यावर मी त्याला पुसून घेतलं आणि सवयीप्रमाणं तपासू लागले. टाळू, हातांची बोटं, पाठ, पाय. त्याचं डावं पाऊल माझ्या दोन बोटांत आलं. मी ते सहज वर नेलं. ते गेलं. आणखी नेलं, आणखी गेलं. शेवटी पावलाचा वरचा भाग नडगीला जाऊन चिकटला, मिटलेल्या पानासारखा, आणि पोराला त्याचं काहीच नव्हतं.

मी घाबरून हात काढला. वाटलं, काहीतरी मोडलं. उजवं पाऊल बघितलं. तेही तसंच गेलं; नव्या बाळाची पावलं अशीच असणार. इतकी बाळं या हातांतून गेली होती आणि मी हे कधी पाहिलं नव्हतं.

म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. "का वं बाई? असं का बगताय? पायात काय खोट हाय व्हय?"

"नाही हो, आजी," मी म्हणाले. "काही खोट नाही."

आणि ते पाऊल पुन्हा एकदा वर नेऊन बघितलं.